टोपिरामेट: गोळी गुणाची, पण पहिल्या महिन्यात डोळ्यांकडे लक्ष हवं

फिट आणि अर्धशिशीवरच्या औषधांत टोपिरामेटला आम्ही पाचपैकी चार गुण देऊ. पाचवा गुण कापतो तो डोळ्यांपायी. त्यातला अर्धा दोष गोळीचा आणि अर्धा ती आपल्याकडे ज्या पद्धतीने विकली जाते त्या पद्धतीचा. हे लिहिणाऱ्यांत मेडिकलच्या काउंटरवर उभे राहणारे आहेत आणि डोळ्यांच्या ओपीडीत चष्म्याचा नंबर काढणारेही, सगळे ठाणे आणि नवी मुंबईतले. कुठलं औषध आणि किती, हे न्यूरोच्या डॉक्टरांनी ठरवायचं. गोळी हातात पडल्यानंतर काय बघायचं, तेवढंच आमचं.

आधी वस्तूची ओळख. टोपिरामेट १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅकनील या औषध कंपनीत तयार झालं. शोध चालला होता मधुमेहावरच्या औषधाचा आणि हाती लागलं फिट थांबवणारं रसायन. त्याचा मूळ सांगाडा फ्रुक्टोजचा, म्हणजे फळांतल्या साखरेचा, आणि त्याला गंधक असलेला सल्फामेट गट जोडलेला. फिटसाठी अमेरिकेत १९९६ मध्ये परवानगी मिळाली, अर्धशिशी टाळण्यासाठी २००४ मध्ये. आपल्याकडे टोपामॅक, टोपॅझ, नेक्स्टॉप अशा नावांनी २५, ५० आणि १०० मिलिग्रॅमच्या गोळ्या येतात. नौपाड्यातलं मेडिकल असो की वाशी सेक्टर १७ मधलं, २५ आणि ५० बहुतेक वेळा असतात. १०० एक दिवस आधी सांगून ठेवलेली बरी.

गोळीवर पातळ लेप असतो, तो उगाच नाही. आतली पूड कडवट आहे, त्यामुळे मोडलेली किंवा चघळलेली गोळी लहान मूल दुसऱ्यांदा तोंडात घेत नाही. शिवाय तिला दमट हवा सोसत नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडे भिंतीला ओल येते. त्या दिवसांत आठवडाभराच्या गोळ्या पट्टीतून काढून सोमवार-मंगळवारच्या खणांच्या डबीत भरून ठेवू नका. पट्टी फोडायची ती घ्यायच्या वेळीच, आणि ठेवायची कपाटात. बाथरूमच्या फळीवर नको, ओट्याजवळ नको. अर्ध्या गोळीचा डोस लिहिला असेल तर डॉक्टरांना विचारून कमी ताकदीची पूर्ण गोळी मागा. मुलांसाठी दाणेदार कॅप्सूल मिळाली तर ती उघडून दाणे चमचाभर मऊ भातावर किंवा सफरचंदाच्या गरावर टाकायचे आणि न चावता लगेच गिळायला लावायचे. कालवून फ्रिजमध्ये ठेवायचं नाही.

काम कसं करते? मेंदूतल्या पेशींची वारंवार पेटण्याची सवय ती तीन-चार अंगांनी मोडते. सोडियमच्या वाटा आवळते, गाबा या शांत करणाऱ्या रसायनाला जोर देते, ग्लुटामेट या भडकवणाऱ्या रसायनाचा एक दरवाजा लावते. याशिवाय ती कार्बॉनिक अनहायड्रेज नावाच्या एन्झाइमला थोडी रोखते, आणि रोजच्या बऱ्याच तक्रारी इथूनच निघतात. हातापायांना मुंग्या येतात. अर्धशिशीच्या १०० मिलिग्रॅम डोसवर सुमारे निम्म्या लोकांना. सोडा आणि थंड पेयं पाणचट लागतात. मूतखड्याची शक्यता वाढते. मुंग्या आणि पाणचट सोड्याला घाबरून कुणी गोळी सोडू नये. बोलताना नेमका शब्द न सापडणं मात्र खरा त्रास आहे. तो डोसबरोबर वाढतो, आणि शिक्षक, वकील, कॉल सेंटरवाले यांना सगळ्यात आधी जाणवतो. त्याची डॉक्टरांकडे तक्रार करायला लाजू नका, डोस कमी करून तो बरेचदा जातो.

अर्धशिशीसाठी नेहमीची चढण अशी: पहिला आठवडा रात्री २५. दुसरा आठवडा सकाळी २५, रात्री २५. तिसरा सकाळी २५, रात्री ५०. चौथ्यापासून ५० आणि ५०. फिटसाठीही सुरुवात २५-५० पासूनच होते, पुढे दर आठवड्याला तेवढीच वाढ, पण शेवटचा डोस याहून बराच वर जाऊ शकतो. ही चढण घाईने चढायची नाही. दोन दिवस गोळी चुकली म्हणून तिसऱ्या दिवशी दुप्पट घेणं, किंवा डोकं जास्त दुखतंय म्हणून मनाने एक वाढवणं, दोन्ही चूक. डोळ्यांचा जो प्रकार पुढे सांगतोय, तो गोळी सुरू केल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात होतो, आणि जुन्या पेशंटमध्ये अचानक डोस वाढवल्यावरही झालेला आहे.

आता मुख्य मुद्दा. टोपिरामेटच्या अधिकृत माहितीपत्रकात २००१ पासून डोळ्यांबद्दल वेगळा इशारा आहे: अचानक वाढलेला मायनस नंबर आणि त्याबरोबर बंद कोनाचा काचबिंदू. याच वर्णनात बाहुल्या विस्फारलेल्या असू शकतात असंही म्हटलं आहे. इंटरनेटवर वाचून लोक इथूनच घाबरतात, आणि नेमकं चुकीच्या गोष्टीला घाबरतात. आरशात बाहुली मोठी दिसली की गोळीवर संशय, आणि बाहुली नेहमीसारखी असली की निश्चिंत. दोन्ही निष्कर्ष फसवे. माहितीपत्रकात स्पष्ट आहे की बाहुली मोठी असेलच असं नाही.

हे समजायला डोळ्याच्या आत काय होतं ते पाहावं लागेल. बुबुळाच्या, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याच्या, मागे सिलियरी बॉडी नावाचं स्नायूंचं एक कडं असतं आणि त्याला बारीक धाग्यांनी भिंग टांगलेलं असतं. फार थोड्या लोकांत, आधी ओळखता येणार नाही अशा रीतीने, टोपिरामेटमुळे या कड्याच्या आणि त्याला लागून असलेल्या कोरॉइडच्या पडद्यामागे पाणी साठतं. कडं सुजतं आणि पुढे वळतं. धागे सैल पडतात, भिंग फुगतं आणि बुबुळाला ढकलत पुढे येतं. भिंग पुढे आल्यामुळे लांबचं धूसर होतं. हा पहिला परिणाम. दुसरा असा, की बुबुळाची कड कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, टेकते आणि डोळ्यातलं पाणी जिथून बाहेर जातं तो कोन मिटतो. पाणी तयार होतच राहतं, निचरा मात्र बंद; तुंबलेल्या मोरीसारखी गत होते. डोळ्याचा दाब एरवी १० ते २१ मिलिमीटर पारा असतो, तो ४० च्या वर जाऊ शकतो.

बाहुली या साखळीत अगदी शेवटी येते. दाब चढला की बाहुली आवळणाऱ्या स्नायूला रक्त कमी पडतं आणि तो लुळा होतो. मग बाहुली पूर्ण उघडतही नाही आणि मिटतही नाही, ४ ते ६ मिलिमीटरवर अडकून बसते आणि टॉर्च मारला तरी हलत नाही. त्या वेळेपर्यंत डोळा लाल झालेला असतो, कॉर्निया धुरकट झालेला असतो, दिव्यांभोवती रंगीत कडी दिसत असतात. म्हणजे बाहुली बघायची वेळ आली तेव्हा पहिला गजर वाजून गेलेला असतो. तो गजर लांबच्या धूसरपणाचा.

धूसरपणा कसा ओळखायचा? ठाणे स्टेशनवरचा गाडीचा इंडिकेटर काल वाचता येत होता, आज अक्षरं फुटताहेत, पण हातातला मोबाइल मात्र स्वच्छ. किंवा मोबाइल नेहमीपेक्षा जवळ धरल्यावरच नीट दिसतो. चाळिशीचा चष्मा असलेल्याला अचानक चष्म्याशिवाय बारीक अक्षर वाचता यायला लागलं, तर ती खूशखबर नाही, तोही मायनस नंबरच. बहुतेक वेळा दोन्ही डोळ्यांत एकदमच. नंबर तीन-चारने, कधी सहा-आठनेही सरकतो, तोही एक-दोन दिवसांत. साध्या वाढीने डोळ्याचा नंबर रातोरात बदलत नाही.

इथे चष्म्याचं दुकान हा मोठा सापळा आहे, आणि हे आम्ही आमच्याच धंद्यातल्या माणसांना सांगतोय. राम मारुती रोडवर किंवा सीवूड्सच्या मॉलमध्ये कुणी येतं, म्हणतं लांबचं दिसेनासं झालंय. मशीनवर मायनस ४ येतो, ट्रायल फ्रेममध्ये मायनस ४ ची काच घातली की शेवटची ओळ वाचतो. सगळं जुळलं, चष्मा बनला, माणूस समाधानाने घरी गेला. आत दाब चढतच राहिला. तीस वर्षांच्या माणसाला अचानक मायनस ४ आला की चष्म्याची ऑर्डर घेण्याआधी दोन प्रश्न विचारायचे: गेल्या महिनाभरात कुठली नवी गोळी सुरू झाली का? डोळा किंवा भुवई दुखते का? यातल्या एकाचंही उत्तर हो आलं तर नंबर लिहून द्या, चष्मा देऊ नका, आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे धाडा.

दुसरा सापळा अर्धशिशीच्या पेशंटचा, आणि तो जास्त वाईट. भुवईवर ठणका, मळमळ, उलटी, उजेड सहन न होणं. हे सगळं बंद कोनाच्या काचबिंदूतही होतं आणि अर्धशिशीतही. पेशंटला वाटतं नेहमीचाच अटॅक आलाय. फोनवर सांगितलं जातं की डोकं फार दुखतंय, आणि डोस वाढवला जातो. फरक ओळखायला डोळ्यांपुढचं काय आणि किती वेळ टिकतं ते बघा. अर्धशिशीतल्या चमचमत्या नागमोडी रेषा पाच मिनिटं ते तासाभरात ओसरतात. टोपिरामेटचा धूसरपणा ओसरत नाही, सकाळी होता तसाच संध्याकाळीही असतो, आणि तो लांबचाच असतो. फोन करताना डोकेदुखीच्या आधी हे सांगा: टोपिरामेट सुरू करून अमुक दिवस झाले, लांबचं दिसत नाही, डोळे लाल आहेत.

वय बघून बेफिकीर राहू नका. नेहमीचा बंद कोनाचा काचबिंदू चाळिशीच्या आत फारसा दिसत नाही, हा प्रकार मात्र लहान मुलांतही झालेला आहे. डोळ्यांचा कोन आधी रुंद होता की अरुंद, याने फार फरक पडत नाही, कारण यात बुबुळ मागून ढकललं जातं. म्हणून गोळी सुरू करण्याआधी डोळे तपासून घेतले म्हणजे पुढे धोका नाही, असंही नाही. तरी तपासणीचा फायदा आहेच: आधीचा नंबर कागदावर असेल तर चार ने सरकला की पाच ने, हे नंतर सांगता येतं. जुना चष्मा आणि त्याची चिठ्ठी फेकू नका.

घरी बाहुली बघायचीच असेल तर नीट बघा. खोलीत मध्यम उजेड, माणसाची नजर समोरच्या भिंतीवर, टॉर्चकडे नाही. दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का ते आधी बघा. मग टॉर्च बाजूने आणून एका डोळ्यावर सेकंदभर धरा. बाहुली झटकन आवळली पाहिजे. भर उजेडात २ ते ४ मिलिमीटर, अंधारात ४ ते ८, हा मोठ्या माणसाचा साधारण हिशेब. मोबाइलचा टॉर्च फार प्रखर असतो, हातभर लांब धरा. आता दुसरी चाचणी, जी आमच्या ओपीडीतही स्लिट लॅम्प, म्हणजे डोळा मोठा करून बघायचं मशीन, मोकळा नसला की करतात. टॉर्च कानशिलाच्या बाजूने, डोळ्याच्या पातळीत आडवा धरायचा. बुबुळ सपाट असेल तर उजेड नाकाकडच्या कडेपर्यंत सारखा पोचतो. बुबुळ पुढे फुगलेलं असेल तर नाकाकडच्या अर्ध्या भागावर सावली पडते. सावली दिसली तर पुढचा कप्पा, म्हणजे कॉर्निया आणि बुबुळ यांच्यामधली जागा, उथळ झाला आहे. ही चाचणी निदान नाही, पण रात्री अकरा वाजता निघायचं की सकाळची वाट पाहायची हे ठरवायला उपयोगी आहे. सावली दिसली नाही आणि तरी लांबचं धूसर आहे, तर तरीही निघा.

मोठ्या बाहुलीची बाकीची कारणं गोळीच्या माथी मारू नयेत. मोठी फिट चालू असताना बाहुल्या विस्फारतात आणि उजेडाला प्रतिसाद देत नाहीत. ते फिटचं लक्षण, औषधाचं नाही. फिट थांबली की त्या हळूहळू पूर्ववत होतात. डोळे तपासायला गेलात आणि ट्रोपिकामाइडचे थेंब घातले तर चार-सहा तास बाहुली मोठीच राहणार. दम्यासाठी इप्राट्रोपियमचं नेब्युलायझर घेताना मास्क सैल असला आणि वाफ एका डोळ्यात गेली तर त्या एकाच डोळ्याची बाहुली मोठी होते. धोत्रा हाताळून तोच हात डोळ्याला लागला तरी तसंच. महाशिवरात्रीच्या सुमारास धोत्र्याची फळं घराघरांत येतात, मुलांच्या हाताला लागणार नाहीत असं बघा. आणि सुमारे पाचातल्या एका माणसाच्या दोन बाहुल्यांत जन्मापासूनच किंचित फरक असतो. आधार कार्डावरचा फोटो नको, त्यात काही कळत नाही. मोबाइलमधला जवळून घेतलेला जुना फोटो मोठा करून बघा.

याच कपाटातली एक गोळी मात्र बाहुलीशी थेट नातं ठेवून आहे, ती म्हणजे फिटवरचीच कार्बामाझेपिन. तिची रचना जुन्या नैराश्यावरच्या औषधांसारखी तीन कड्यांची, त्यामुळे तिच्यात बाहुली मोठी करणाऱ्या अ‍ॅट्रोपिनसारखा सौम्य गुण आहे. नेहमीच्या डोसला तो फारसा जाणवत नाही. रक्तातलं प्रमाण ४ ते १२ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर हवं असतं. ते फार वर गेलं की झोपाळूपणा, झोकांड्या, डोळे आडवे थरथरणं, कोरडं तोंड, लघवी तुंबणं आणि मोठ्या बाहुल्या असं चित्र दिसतं. ते वर जायला मूठभर गोळ्याच गिळायला हव्यात असंही नाही. घसा बसला म्हणून मेडिकलमधून परस्पर घेतलेलं क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन कार्बामाझेपिनचा निचरा रोखतं आणि दोन-तीन दिवसांत माणूस भेलकांडायला लागतो. कुणी जास्त गोळ्या घेतल्याचं कळलं तर माणूस आत्ता शुद्धीत आहे म्हणून थांबू नका. आतडं मंदावतं, औषध सावकाश शोषलं जातं आणि बऱ्या दिसणाऱ्या माणसाची अवस्था काही तासांनी बिघडते. पाठ न करता लक्षात ठेवायचं तर एवढं: कार्बामाझेपिनमध्ये मोठी बाहुली आणि झोकांड्या म्हणजे रक्तात औषध जास्त झालं, टोपिरामेटमध्ये नेमून दिलेल्या छोट्या डोसवरही मोठी बाहुली आणि धूसर नजर येऊ शकते. पहिल्यात रक्त तपासायचं, दुसऱ्यात डोळ्याचा दाब.

हॉस्पिटलमध्ये काय होतं आणि काय होऊ नये, हेही माहीत असलेलं बरं. दाब मोजतात, स्लिट लॅम्पवर पुढच्या कप्प्याची खोली बघतात, सोय असेल तर सोनोग्राफी करून कड्यामागचं पाणी दाखवतात. उपचाराचा पाया एकच, गोळी थांबवणं. त्याबरोबर दाब उतरवायला टिमोलॉलसारखे थेंब, गरज पडल्यास शिरेतून मॅनिटॉल, आणि अ‍ॅट्रोपिन किंवा सायक्लोपेंटोलेटचे थेंब. नातेवाईक इथे हमखास विचारतात, की आधीच बाहुली मोठी आणि तुम्ही ती मोठी करायचं औषध घालताय? कारण असं: हे थेंब कड्याचा स्नायू सैल करतात, कडं मागे फिरतं, भिंग मागे जातं, कोन उघडतो. नेहमीच्या बंद कोनाच्या काचबिंदूत बाहुली आवळणारं पायलोकार्पिन देतात, ते इथे उलटं पडतं, कडं आणखी पुढे येतं. बुबुळाला लेझरने भोक पाडणंही इथे कामाचं नाही, कारण अडथळा बाहुलीपाशी नाही, मागे आहे. दाब उतरवायला नेहमी दिली जाणारी अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी याच रासायनिक कुटुंबातली आहे आणि तिच्यामुळेही हाच प्रकार झालेला आहे, म्हणून ती टाळलेली बरी. इमर्जन्सीत रात्रपाळीच्या डॉक्टरांना टोपिरामेट चालू आहे हे माहीत नसेल तर नेहमीच्या काचबिंदूचा उपचार सुरू होऊ शकतो. म्हणून पट्टी बरोबर न्या. नाव सांगितल्यापेक्षा पट्टी दाखवलेली बरी. वेळेत कळलं तर दाब साधारण एक-दोन दिवसांत उतरतो, मायनस नंबर एक-दोन आठवड्यांत मूळ जागी येतो. उशीर झाला तर नजर कायमची जाऊ शकते.

गोळी थांबवायची कुणी? अर्धशिशीसाठी घेत असाल तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांशी बोला. फिटसाठी घेत असाल तर स्वतःच्या मनाने एकदम सोडू नका, एकामागून एक फिट येण्याचा धोका असतो. पण याचा अर्थ सोमवारच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबा असाही नाही. त्याच दिवशी अशा ठिकाणी जा जिथे डोळ्यांचा आणि मेंदूचा असे दोन्ही विभाग आहेत, म्हणजे टोपिरामेट काढून त्या जागी दुसरं औषध लगेच लावता येईल. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल, नेरूळचं डी. वाय. पाटील अशी मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं यासाठी सोयीची, पण निघण्याआधी फोन करून नेत्रविभागाचे डॉक्टर त्या वेळी आहेत ना ते विचारा. गाडी किंवा बाइक स्वतः चालवू नका. घोडबंदर रोडवर धडधाकट नजरेनेही रात्री खड्डा दिसत नाही.

खरेदीबद्दल. पट्टीवर उभी तांबडी रेघ असते, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची. तरी दहाऐवजी चारच गोळ्या कापून देणं सर्रास चालतं. कापलेल्या तुकड्यावर कधी नाव असतं तर एक्स्पायरी नसते, कधी बॅच नंबर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेलेला असतो. पूर्ण पट्टी घ्या, आणि पावतीवर बॅच नंबर छापून मागा. माहितीपत्रक बहुतेक पट्ट्यांबरोबर हातात पडतच नाही. ठोक खोक्यात एखादं असतं, ते इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरात. डोळ्यांचा इशारा तिथे असतो, पण पेशंटपर्यंत पोचत नाही. पाचवा गुण आम्ही कापला तो याचसाठी. फिटच्या पेशंटने कंपनी वारंवार बदलू नये. आज ही संपली, ही घ्या, सेम आहे, असं काउंटरवर ऐकलं तर नेहमीची मागवून घ्या, आणि घरात आठवडाभराचा साठा ठेवा म्हणजे अशी वेळ येणार नाही. वजन कमी होतं म्हणून ही गोळी चिठ्ठीशिवाय मागणारेही येतात. वजन घटतं हे खरं, पण त्यासाठी मनाने घेतली तर डोळ्यांचा धोका तेवढाच राहतो आणि तो ओळखायला डॉक्टर मात्र पाठीशी नसतो.

इतर गोळ्यांशी पटतं का, हे मेडिकलवाल्याने विचारायला हवं. त्याने विचारलं नाही तर तुम्ही सांगा. फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन बरोबर असेल तर टोपिरामेटचं रक्तातलं प्रमाण चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या आसपास घटतं. बीपीसाठीचं हायड्रोक्लोरोथायाझाइड ते वाढवतं. सोडियम व्हॅल्प्रोएटबरोबर रक्तातला अमोनिया वाढून गुंगी येऊ शकते. दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या वर गेलात तर गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नका, आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. गरोदरपणात बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेला राहण्याचा धोका वाढतो.

एप्रिल-मे महिन्यांत आणखी एक पथ्य. या गोळीने घाम कमी येतो, मुलांमध्ये जास्त. टीटीसी पट्ट्यातल्या कारखान्यांत पत्र्याखाली काम करणारे, दुपारी मैदानात क्रिकेट खेळणारी मुलं यांचं अंग तापतं पण कातडी कोरडी राहते. ताप मोजला तर १०१-१०२, सर्दी-खोकला काही नाही. अशा वेळी पॅरासिटामॉल देऊन भागत नाही. सावली, पंखा, ओल्या फडक्याने अंग पुसणं आणि पाणी. पाणी एरवीही दिवसाला अडीच ते तीन लिटर जायला हवं, ते मूतखड्यासाठी. किडनी किंवा हृदयाचा आजार असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारून.

डोळ्यांचा किंवा दुसरा कुठला गंभीर त्रास झालाच तर तो सरकारदरबारी नोंदवता येतो, आणि बहुतेक लोकांना हे ठाऊकच नसतं. भारतीय औषध कोश आयोगाची फार्माकोव्हिजिलन्स, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारी, योजना आहे, तिचा मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४. तक्रार पेशंट स्वतः करू शकतो, डॉक्टरच हवा असं नाही. गोळीचं नाव, बॅच नंबर, डोस, सुरू केल्याची तारीख, त्रास सुरू झाल्याची तारीख आणि आधीचा-नंतरचा चष्म्याचा नंबर एवढं जवळ ठेवून फोन करा.